दोन चाव्या

डॉक्टर हेडाऊंनी दोन चाव्या टेबलावर ठेवल्या,
रामदासपेठेतल्या त्यांच्या बंद दवाखान्यात.
म्हणाले, नीळकंठ, एक विकायची आहे.
दोन्ही चालवून ये. कोणती ठेवू, सांग.

त्यांच्या नजरेच्या मधोमध आता राखेचा ठिपका आहे.
कडेकडेचं शाबूत.
म्हणजे रस्ता सोडून बाकी सगळं दिसतं.

आधी जर्मन. पहाटे पावणेपाच, मे महिना,
वर्धा रोडचं सिमेंट कालचं ऊन अजून सोडत होतं.
मेट्रोचे खांब संपेपर्यंत तिला तापू दिली.
खापरीनंतर मिहानचे रुंद रस्ते,
कधीतरी येणाऱ्या कंपन्यांसाठी बांधलेले.
त्यांच्यावर आत्ता मी आणि एक टिटवी.

तिचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे.
आपल्याकडची बंडी असती
तर उलार म्हणून सुताराकडे परत गेली असती.
घाईनं वळणात शिरलात की नाक हलकं,
पुढची चाकं सरळच पळू पाहतात.
आधी ब्रेक. नाक जमिनीला टेकू द्यायचं. मग वळवायचं.
मग पायाच्या अंगठ्याएवढाच गॅस,
आणि तेच मागचं ओझं
पाय रोवून आपल्याला वळणाबाहेर लोटतं.

आवाज काही विशेष नाही, कोरडा, कामाचा.
पण स्टिअरिंगमधून सिमेंटची प्रत्येक सांध
तळहातात येते. टक. टक. इथे वाळू. इथे उतार.
माझे बाबा गोळीबार चौकात मागावर बसायचे,
तुटलेला धागा त्यांना बघावा लागत नसे.
हाताला आधी कळते, म्हणायचे,
डोळा मागून येते.

मग इटालियन.
तिचं इंजिन पाठीशी, काचेमागे, मानेवर श्वास टाकत.
वळायचं मनात आणलं की ती वळलेली असते.
आठ हजारांवर जो आवाज निघतो
त्याला आवाज म्हणवत नाही मला.
दात शिवशिवतात. पोटातलं पाणी हलतं.
मी एकटाच मोठ्यानं हसलो, बावन्न वर्षांचा माणूस.

पण स्टिअरिंग गप्प. हलकं, गुळगुळीत,
खाली रस्ता आहे की संगमरवर, सांगत नाही.
चूक होईस्तोवर लाड करते,
आणि चूक झाल्यावर ओळख दाखवत नाही.
परतताना व्हरायटी चौकात तापमानाचा काटा चढू लागला.
गतिरोधकावरून तिला तिरकी, इंच इंच नेताना
स्कूटरवरचं एक पोट्टं थांबलं:
काका, उतरून ढकलू काय?

डॉक्टरांना हे सगळं असंच सांगितलं.
ते डोळे मिटून ऐकत होते.
वळणाचं सांगताना त्यांचे दोन्ही हात
टेबलावर आपोआप गोल धरले गेले,
आणि डावा जरासा खाली आला.

जर्मन ठेवा, मी म्हणालो.
चालवणाऱ्याची गाडी तीच.

बराच वेळ कूलरचं पाणी तेवढं टपटपत होतं.

म्हणूनच ती वीक, डॉक्टर म्हणाले.
तिचं सगळं हातात आहे,
आणि हात आता तुझे.
दुसरीचं निम्मं तरी
बाजूला बसून ऐकता येईल.

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

अमरावतीचं गिऱ्हाईक मिळालं. गाडी पोचवायला मीच निघालो.
निघायच्या आधी डॉक्टर फाटकापर्यंत आले,
चेहरा थोडा बाजूला वळवला,
असं केलं की त्यांना कडेनं दिसतं,
आणि छपरावर तळहात ठेवून उभे राहिले.
पत्रा तापलेला होता. हात काढला नाही.

कोंढाळीपर्यंत मी रेडिओ लावला नाही.
सांधे मोजत गेलो.